चावी एजंटकडे, टेन्शन तुमच्याकडे!

नायगावला वन बीएचके घेतला, भाड्याने दिला, सगळं बघायला ‘प्रॉपर्टी मॅनेजर’ नेमला आणि तुम्ही ऑफिसच्या जवळ राहायला गेलात. सगळं सेट! मग दर वर्षी एक-दोन महिने फ्लॅट रिकामा का राहतो? आणि त्या रिकाम्या महिन्यांचं बिल नक्की कोण भरतं?

‘कुठे घेतलास फ्लॅट?’
‘नायगावला.’
‘अरे वा! दादरला? लॉटरी लागली की काय?’

वसईच्या नायगावात घर घेतलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला हा डायलॉग एकदा तरी येतोच. दादरचं नायगाव म्हणजे बीडीडी चाळींचं. आपलं नायगाव त्याच्या पुष्कळ पुढे, चर्चगेटपासून सुमारे ४८ किलोमीटरवर. भाईंदर सुटलं की लोकल खाडीवरच्या पुलावर चढते, वाटेत पाणजू बेट दिसतं आणि पलीकडे उतरलं की नायगाव. पश्चिमेला अजूनही जुनी गावं, वाड्या आणि चर्च. पूर्वेला मात्र मिठागरांच्या शेजारी, जूचंद्रच्या दिशेने टॉवरच टॉवर. रांगोळीसाठी नावाजलेल्या या जूचंद्र गावाच्या आसपास आज मुंबईच्या अर्ध्या ऑफिसांतली माणसं ईएमआय भरतायत.

यातले बरेच जण स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत नाहीत. कुणाचं ऑफिस गोरेगावला, कुणाचं अंधेरीला. कुणाला कंपनीने पुण्याला नाहीतर बंगलोरला पाठवलंय. रोजच्या विरार लोकलचा डोक्याला शॉट नको म्हणून मालाडला रूम शेअर करायची, नायगावचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि त्या भाड्यातून निदान मेंटेनन्स आणि ईएमआयचा एक तुकडा सुटला की बास, असा साधा हिशेब. दर वेळी सुट्टी टाकून फ्लॅट दाखवायला जाणं शक्य नसतं, म्हणून चावी कुणाच्या तरी हातात द्यायची. कधी स्टेशनबाहेरच्या इस्टेट एजंटच्या, कधी एखाद्या ‘फुल सर्व्हिस’वाल्या कंपनीच्या.

इथपर्यंत सगळं झकास. गडबड सुरू होते ती पहिला भाडेकरू चावी परत देतो त्या दिवशी.

रिकाम्या महिन्याचा हिशेब

हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे धरून चालू. समजा भाडं १२ हजार आणि मेंटेनन्स २ हजार. भाडेकरू गेला आणि फ्लॅट एक महिना रिकामा राहिला. आपण म्हणतो, ‘ठीक आहे, एका महिन्याचं भाडं गेलं.’ नाही हो! भाड्याचे १२ हजार गेलेच. शिवाय त्या महिन्याचा मेंटेनन्स तुमच्या खिशातून गेला, २ हजार. नवीन भाडेकरू मिळाला म्हणून एजंटला एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज, १२ हजार. भिंतींना हात मारला, नळ बदलले, किचनचा ट्रॉली-ड्रॉवर दुरुस्त केला, त्याचे समजा ८ हजार. टोटल झाली ३४ हजार.

अकरा महिन्यांत तुम्हाला मिळाले १ लाख ३२ हजार. त्यातला पाव हिस्सा एका ‘भाडेकरू बदला’त गेला. महावितरणचा स्थिर आकार रिकाम्या घरालाही लागतो, तो यात धरलेलाच नाही. आणि बँक ईएमआय कापताना फ्लॅट भरलाय की रिकामा, हे विचारत नाही.

मालकाची सगळ्यात महागडी हौस असते ती पाचशे रुपयांची. ‘पार्टी साडेअकरा म्हणतेय’ असा फोन येतो आणि आपण तावातावाने सांगतो, ‘बाराच्या खाली नाही म्हणजे नाही!’ पार्टी जाते. पुढची पार्टी यायला महिना लागतो. आता बघा, महिन्याला पाचशे जास्त मिळावेत म्हणून तुम्ही १२ हजार घालवले. ते वसूल व्हायला २४ महिने लागतील, तेही नवा भाडेकरू दोन वर्षं टिकला तर. भाडं कमी करणं म्हणजे हार नव्हे. पाच-सहा दिवस फ्लॅट रिकामा राहिला तर पाचशे रुपये ताणायला हरकत नाही, पण तीन आठवडे झाले असतील तर गणित उलटं फिरलेलं असतं.

म्हणून पहिला फंडा: भाड्याचं उत्पन्न मोजताना वर्ष बारा महिन्यांचं धरू नका, अकराच महिन्यांचं धरा. दोन महिन्यांचं भाडं आणि मेंटेनन्स वेगळ्या खात्यात टाकून विसरून जा. फ्लॅट रिकामा झाला की तोच पैसा कामी येतो आणि घाईघाईत भलत्याच माणसाला घर देण्याची वेळ येत नाही.

मॅनेजरला कशात इंटरेस्ट?

आता नाजूक विषय. तुमचा मॅनेजर चांगला माणूस असेल, गणपतीला मोदकही पाठवत असेल, पण त्याच्या खिशाचं गणित तुमच्यासारखंच आहे का?

आपल्याकडची नेहमीची पद्धत अशी: नवीन भाडेकरू आला की मालकाकडून एक महिन्याचं ब्रोकरेज, भाडेकरूकडूनही एक महिन्याचं. सांभाळायची फी असेल तर ती वेगळी. समजा ती महिन्याच्या भाड्याच्या आठ टक्के आहे, म्हणजे ९६० रुपये. भाडेकरू वर्षभर टिकून राहिला तर मॅनेजरची कमाई ९६० गुणिले १२, म्हणजे ११ हजार ५२०. पण भाडेकरू अकरा महिन्यांनी गेला आणि नवीन आला, तर दोन्ही बाजूंचं ब्रोकरेज २४ हजार आणि अकरा महिन्यांची फी १० हजार ५६०, म्हणजे ३४ हजार ५६०. बरोब्बर तिप्पट!

म्हणजे ज्या घटनेत तुमचे ३४ हजार जातात, त्याच घटनेत त्याची कमाई तिप्पट होते. तो मुद्दाम भाडेकरू घालवतो असं कुणी म्हणत नाही. पण गीझर बंद पडल्याचा भाडेकरूचा मेसेज आठवडाभर ‘बघतो’वर राहणं, रिन्यूअलचा विषय शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणी न काढणं, हे सगळं आपोआप होतं. कारण भाडेकरू टिकवण्याचे पैसे त्याला कुणी देतच नाही.

मग द्या की! नवीन भाडेकरू आणायचं ब्रोकरेज एक महिन्याऐवजी पंधरा दिवसांचं ठरवा आणि जुना भाडेकरू रिन्यू झाला तर त्यालाही तीन-चार हजारांचा बोनस ठेवा. आणलेला भाडेकरू सहा महिन्यांच्या आत निघून गेला तर पुढचा फुकट शोधून द्यायचा, ही अट घाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं: मासिक फी ही ‘ठरलेल्या’ भाड्यावर नको, हातात आलेल्या भाड्यावर हवी. फ्लॅट रिकामा तर फी शून्य. काही करारांत रिकाम्या महिन्यांचीही किमान फी लिहिलेली असते. ती ओळ बारीक अक्षरात शेवटच्या पानावर असते, म्हणून सही करण्यापूर्वी शेवटचं पान आधी वाचा.

‘गॅरंटीड रेंट’ची ऑफर आली तर आणखी सावध. रिकाम्या काळातही भाडं देऊ, असं सांगणारा माणूस तो धोका फुकट उचलत नसतो. तुम्हाला बाजारभावापेक्षा कमी भाडं देऊन वरची रक्कम तो स्वतः ठेवतो. हा सौदा वाईटच असं नाही, दूरच्या शहरात राहणाऱ्याला परवडूही शकतो. पण गॅरंटी देणाराच टिकला नाही तर? या धंद्यात मोठ्या नावांचीही उलथापालथ झाली आहे. बंगलोरची ‘नेस्टअवे’ ही गाजलेली कंपनी २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये ‘ऑरम प्रॉपटेक’ने ती सुमारे ९० कोटी रुपयांत विकत घेतली. म्हणून गॅरंटीच्या कागदावर एकच प्रश्न विचारा: भाडेकरूबरोबरचा नोंदणीकृत करार कुणाच्या नावावर आहे? तुमच्या नावावर असेल तर कंपनी बदलली तरी घर तुमच्या हातात राहतं.

गंमत म्हणजे ‘प्रॉपर्टी मॅनेजर’ हा शब्द आता कायद्याच्या भाषेतही आलाय. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये त्याची कामंच लिहून दिली आहेत: पावती देऊन भाडं घेणं, आवश्यक दुरुस्त्या करणं, घराची पाहणी करणं, दोन्ही पक्षांतली भांडणं मिटवायला मदत करणं वगैरे. पण हा नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चाच चालतो. त्यामुळे मॅनेजरची कामं काय, हे तुम्ही दोघांनी कागदावर जेवढं लिहाल तेवढंच.

अकरा महिन्यांचा लोच्या

‘ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं’ हे आपल्याकडे इतकं पक्कं आहे की कुणी का म्हणून विचारत नाही. कारण जुनं आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते, म्हणून देशभर लोक अकरा महिन्यांवर थांबतात. पण महाराष्ट्रात त्याचा काही उपयोग नाही! ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या आपल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर करारातल्या अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर.

म्हणजे अकरा महिन्यांचा फायदा शून्य. तोटा मात्र आहे, आणि तो कॅलेंडरमध्ये लपलाय. एक जूनला दिलेला फ्लॅट ३० एप्रिलला सुटतो. लगेच पुढचा करार केला तर तो ३१ मार्चला संपतो. त्यापुढचा फेब्रुवारीअखेर. करार दर वर्षी एक-एक महिना मागे सरकत जातो आणि कधीतरी अशा महिन्यात येऊन थांबतो की ज्यात कुणी घर बदलत नाही.

आपल्याकडे घर बदलायचे सीझन ठरलेले. एप्रिल-मे सगळ्यात हॉट, कारण मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात आणि जूनमध्ये नवीन शाळा सुरू होते. दसरा-दिवाळीच्या आसपास दुसरी लाट. भर पावसात सामानाचा टेम्पो काढायला लोक नाखूष. आणि गणपती गेले की पितृपक्ष! भाद्रपदाच्या त्या पंधरवड्यात ‘आम्ही नंतर बघू’ हेच उत्तर. तुमचा करार नेमका सप्टेंबरच्या मध्यावर संपत असेल तर फ्लॅट दसऱ्यापर्यंत रिकामा राहणार, याला मॅनेजर तरी काय करणार?

उपाय सोपा. करार २४ महिन्यांचा करा, दुसऱ्या वर्षीची भाडेवाढ आधीच लिहून टाका आणि शेवटची तारीख एप्रिल-मेमध्ये येईल अशी बसवा. पहिल्यांदा त्यासाठी १९ किंवा २१ महिन्यांचा करार करावा लागला तर तसा करा, विचित्र आकड्याला कायद्याची बंदी नाही. खर्चही फार वाढत नाही. निवासी लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का, ते एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारी रक्कम यांच्या बेरजेवर. १२ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिटवर २४ महिन्यांचा करार केला तर बेरीज होते २ लाख ९८ हजार आणि पाव टक्का म्हणजे ७४५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, तीही दोन वर्षांत दोनदा नाही, एकदाच. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर. त्यामुळे ‘मला रजा नाही’ ही सबबही आता चालत नाही.

‘पार्टी येतेय संडेला...’

फ्लॅट रिकामा झाला की मॅनेजरचे मेसेज एका ठरावीक साच्यातले असतात. ‘सर, पार्टी येतेय संडेला.’ ‘सर, पार्टीला आवडलाय, मिसेसला दाखवतील.’ ‘सर, मार्केट डाऊन आहे.’ यातून आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही.

त्याऐवजी दर आठवड्याला तीनच आकडे मागा: फोन किती आले, प्रत्यक्ष बघायला किती जण आले आणि नकार देणाऱ्यांनी कारण काय दिलं. फोनच येत नसतील तर जाहिरातीत घोळ आहे. फोन येतात पण बघायला कुणी येत नसेल तर भाडं जास्त आहे, नाहीतर फोनवर बोलणारा माणूस कंटाळलेला आहे. बघून जातात पण टोकन देत नाहीत, तर घरातच काहीतरी खटकतंय. तीन आजार, तीन औषधं. ‘मार्केट डाऊन’ हे तिन्हीवरचं उत्तर नाही.

जाहिरातीचा घोळ नायगावच्या बाबतीत हमखास होतो, तो नावाचा. वेबसाइटवर नुसतं ‘नायगाव’ टाकलं तर दादर-वडाळ्याला घर शोधणारे फोन करतात आणि भडकून ठेवतात. ‘नायगाव पूर्व, वसई’ असं स्वच्छ लिहा. स्टेशनपासून चालत किती मिनिटं, शेअर रिक्षा मिळते का, हेही लिहा. पूर्वेला ‘स्टेशनजवळ’ या शब्दाची लांबी बापाण्यापर्यंत ताणता येते, हे भाडेकरूंना आता पाठ झालंय.

दुसरं, भाडेकरू नक्की कोण, ते ओळखा. नायगावला घर बघणारा प्रत्येक जण चर्चगेटला जाणारा नसतो. वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारे सुपरवायझर आणि अकाउंटंट असतात. मिरा रोड-भाईंदरची भाडी न परवडणारी नवी जोडपी असतात. नायगावच्या आसपासच्या स्टुडिओंत मालिकांची शूटिंग्ज चालतात, तिथले टेक्निशियन, मेकअपवाले, छोट्या भूमिका करणारे कलाकार असतात. त्यांना रात्री-बेरात्री जाता-येता येईल असं घर हवं असतं. ‘फॅमिलीच पाहिजे, बॅचलर नको’ म्हटलं की यातला मोठा गट तुम्ही एका वाक्यात बाद करता आणि मग मॅनेजरला विचारता, पार्टी का मिळत नाही?

‘सोसायटी बॅचलर चालवून घेत नाही’ हे दुसरं पेटंट उत्तर. आदर्श उपविधी वाचा. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची आधी परवानगी लागत नाही, कळवावं लागतं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. ना-वापर शुल्कही सोसायटीला मनाला येईल तसं लावता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर रोखलेलं आहे आणि त्या दहा टक्क्यांच्या हिशेबात महापालिकेचे कर येत नाहीत. नायगाव पूर्वेला नवीन सोसायट्या बऱ्याच आहेत, तिथल्या कमिटीशी आधीच मोकळेपणाने बोलून ठेवलं तर ऐन वेळी गेटवर टेम्पो अडत नाही.

आणि तिसरं, पाणी. वसई-विरारमध्ये घर बघायला आलेला माणूस बेडरूमआधी नळ उघडतो. टँकरवर दिवस काढलेल्या या पट्ट्याला एमएमआरडीएच्या सूर्या योजनेचा आधार आहे. ४०३ दशलक्ष लिटरच्या या योजनेत १८५ दशलक्ष लिटरचा वाटा वसई-विरारचा, आणि ते पाणी २०२३ च्या अखेरीस यायला लागलं. पण ‘सूर्याचं पाणी आलंय’ म्हणून भागत नाही. तुमच्या सोसायटीत पाणी किती वेळ येतं, टँकर लागतो का, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हे मॅनेजरला तोंडपाठ हवं. ‘पावसात पाणी भरतं का?’ हा पुढचा प्रश्न. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या, ते लोक विसरलेले नाहीत. भरत असेल तर खरं सांगा. खोटं सांगून आणलेला भाडेकरू पहिल्या पावसातच नोटीस देतो आणि मग तेच ३४ हजार पुन्हा!

खरंच रिकामा आहे ना?

आता सगळ्यात डेंजर गोष्ट. मॅनेजर सांगतो की फ्लॅट रिकामा आहे. पण तुम्ही पुण्यात, चावी त्याच्याकडे. कुणी चार दिवस राहून गेलं, कुणी महिनाभर राहून भाडं परस्पर दिलं, तर तुम्हाला कळणार कसं?

विजेचं मीटर सगळं सांगतं. भाडेकरू गेला त्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो घ्या आणि दर पंधरा दिवसांनी नवा फोटो मागा. बंद घराचं रीडिंग जवळजवळ जागचं हलत नाही. रिकाम्या घरात पन्नास युनिट जळली असतील तर ती कुणीतरी जाळली आहेत. महावितरणच्या ग्राहक क्रमांकाला स्वतःचा मोबाइल जोडून ठेवा, म्हणजे बिल थेट तुमच्याकडे येईल.

उलटा प्रकार याहून भयंकर. मालकाला सांगायचं, ‘महिना १२ हजारांवर दिलाय.’ भाडेकरूकडून मात्र पाच-सहा लाखांचं ‘हेवी डिपॉझिट’ घ्यायचं आणि मालकाला दर महिन्याला त्यातूनच भाडं देत राहायचं. एक दिवस एजंट गायब होतो. भाडेकरू म्हणतो माझे पैसे द्या, मालक म्हणतो मी घेतलेच नाहीत. दोघेही फसलेले, आणि घर एकच. असे गुन्हे ठिकठिकाणी नोंदले गेलेत. यावर उपाय तीन: करार नोंदणीकृत आणि तुमच्या नावाने, डिपॉझिट आणि भाडं भाडेकरूच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात, आणि सही करण्याआधी भाडेकरूशी एकदा तरी व्हिडिओ कॉल. त्याला स्वतःच्या तोंडाने विचारा, ‘तुम्ही डिपॉझिट किती देताय?’ दहा सेकंदांचा प्रश्न आहे. मॅनेजरची फी तुम्ही त्याला वेगळी द्या, भाडं त्याच्या हातातून फिरू देऊ नका.

कुलमुखत्यारपत्र दिलंच तर ते मर्यादित असू द्या. ‘हा फ्लॅट भाड्याने देणे, करारावर सही करणे, नोंदणीला हजर राहणे’ एवढंच. ‘सर्व अधिकार’ हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायला विसरू नका. ऑक्टोबर २०२० पासून नायगाव मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहे आणि ही माहिती ऑनलाइन देता येते.

आणि हो, मुदत संपल्यावर भाडेकरू उठलाच नाही तर? नोंदणीकृत करार असेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. पुढचा भाडेकरू टोकन देऊन बसलेला असताना हा कागद फार कामाला येतो.

बंद घराला हवा द्या

खाडीकाठची हवा खारट आणि पाऊस धो-धो. जुलैत महिनाभर बंद ठेवलेला फ्लॅट उघडला की कपाटाच्या प्लायवर बुरशी, बिजागऱ्यांना गंज आणि बाथरूममधून वास. तो वास घाणीचाच असतो असं नाही. जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी सुकलं की गटाराचा वास थेट वर येतो. आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी ओतलं की प्रश्न मिटला. पण ते ओतणार कोण? मॅनेजरच्या करारात लिहा: रिकाम्या काळात आठवड्याला एक फेरी, खिडक्या उघडणे, नळ आणि फ्लश चालवणे, झाडू-पोछा. एलईडी बल्ब सगळे लावलेले असू द्या. संध्याकाळी सात वाजता ऑफिस सुटल्यावर येणारी पार्टी मोबाइलच्या टॉर्चमध्ये घर पसंत करत नाही.

टॅक्सवाला थोडा दिलासा

रिकाम्या काळाची थोडी सोय आयकरातही आहे. भाड्याने दिलेलं घर वर्षातला काही काळ भाडेकरूअभावी रिकामं राहिलं आणि त्यामुळे भाडं कमी आलं, तर प्रत्यक्ष मिळालेलं भाडंच हिशेबात धरलं जातं. दोन महिने रिकामे गेले तर दहाच महिन्यांचं भाडं दाखवा, मात्र घर खरंच रिकामं होतं याचा पुरावा ठेवा. जुना आणि नवा करार, जाहिरातीचे मेसेज आणि तेच ते मीटरचे फोटो. मालकाने भरलेला महापालिकेचा घरपट्टी कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. पण मॅनेजरची फी, ब्रोकरेज, रंगकाम यांची वेगळी वजावट मिळत नाही, ते सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं. म्हणून मॅनेजर निवडताना ‘टॅक्समध्ये सुटेल’ असा विचार करू नका.

आणि फ्लॅट रिकामा म्हणून स्वतःला दोषही देऊ नका. तुम्ही एकटे नाही. २०११ च्या जनगणनेच्या आधारे २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने सांगितलं होतं की देशातल्या शहरी घरांपैकी सुमारे १२ टक्के घरं रिकामी आहेत, आणि एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजार. एकीकडे घर शोधून दमलेली माणसं, दुसरीकडे कुलूप लावलेली घरं. बऱ्याच ठिकाणी मधली अडचण पाचशे रुपयांची, पंधरा दिवसांची किंवा वेळेवर न केलेल्या एका फोनची असते. निदान तुमच्या फ्लॅटपुरती ती दूर करणं तुमच्या हातात आहे.

चौकट: साठ दिवसांचं टाइमटेबल

६० दिवस आधी: भाडेकरूला स्वतः फोन करा. राहणार का, काही दुरुस्ती हवी का, विचारा. हे काम मॅनेजरवर सोडू नका.

४५ दिवस आधी: राहणार असेल तर भाडं ठरवून रिन्यूअलची तारीख घ्या. जाणार असेल तर नोटीस लेखी घ्या.

३० दिवस आधी: जाहिरात सुरू. भाडेकरू असतानाच घर दाखवायची अट करारात हवी, मात्र आधी कळवून आणि ठरलेल्या वेळेतच. त्याचं घर आहे, प्रदर्शन नाही.

१५ दिवस आधी: घराची पाहणी, दुरुस्त्यांची यादी, रंगाऱ्याची तारीख पक्की.

चावीच्या दिवशी: मीटरचा फोटो, सामानाची यादी, डिपॉझिटचा हिशेब त्याच दिवशी मिटवा. खूश होऊन गेलेला भाडेकरू बऱ्याचदा पुढचा भाडेकरू स्वतःच पाठवतो.

रिकामे ७ दिवस: फोन, व्हिजिट, नकाराची कारणं यांचा पहिला रिपोर्ट.

रिकामे १५ दिवस: फोटो बदला, दुसऱ्या एजंटलाही सांगा. ‘फक्त माझ्याकडेच’ अशी अट करारात असेल तर ती रिकाम्या काळात १५ दिवसांपुरतीच ठेवा.

रिकामे २१ दिवस: भाडं पाचशेने उतरवा. अगदी आजच.

तुमच्या फ्लॅटचा करार कधी संपतोय, हे आत्ता न बघता सांगता येईल? नसेल येत तर मोबाइल काढा आणि त्या तारखेच्या साठ दिवस आधीचा रिमाइंडर लावून टाका.